तुम्ही म्हणाल तसा किल्ला

शुभा, ये, अशी समोर बस. तू आयर्लंडच्या पूर्वेला टॅलाला, मी पश्चिमेला एनिसला, मधे अडीच तासांचा रस्ता, हे मला माहीत आहे. पण रागवायचं असलं की मला माणूस समोर लागतं, म्हणून तू बसली आहेस असं धरून चालते. ईस्टरला येते म्हणालीस, आली नाहीस. मग बँक हॉलिडेला येते म्हणालीस, तर तेव्हा म्हणे पाऊस होता. (आयर्लंडमध्ये राहून पावसाचं कारण सांगायला धीर लागतो, तो तुझ्यात आहे.) आणि परवा फोन केलास तो कशाला? तर, "मावशी, सासू-सासरे येताहेत, त्यांना फ्रान्समधल्या एखाद्या किल्ल्याच्या हॉटेलात न्यायचं म्हणतोय. तुम्ही सगळे गेला होतात ना? कुठलं घेऊ?" मी विचारलं, त्यांना काय हवंय? तर म्हणालीस, "त्या म्हणतात, काहीही चालेल. तुम्ही म्हणाल तसं."

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल, लाइन गेली. लाइन गेली नव्हती.

"तुम्ही म्हणाल तसं" या तीन शब्दांपायी मी फ्रान्समधल्या एका बुरुजात चार दिवस काढले आहेत. ते आधी वाच, मग बुकिंग कर.

दोन हजार अकरा सालचा उन्हाळा. निखिल इथल्या हॉस्पिटलात, मुग्धा शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, सई नऊ वर्षांची, आणि मुग्धाला पाचवा महिना. एका रविवारी मी आमटीला फोडणी देत होते, तर मुग्धा आत आली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. सून दार लावून बोलायला लागली की समजावं, बोलणं आधी नवऱ्याशी झालेलं आहे.

"आई, डिलिव्हरीला मला दोघी हव्या आहात. तुम्हीही आणि माझी आईही."

"मग येऊ देत की त्यांना. मी कुठे नको म्हणतेय?"

"सईच्या वेळी झालं ते परत नको."

सईच्या वेळी काहीच झालं नव्हतं. तीच तर तक्रार होती. "बाळाला अंघोळ तुम्ही घाला." "छे हो, तुम्हीच घाला, तुमचा हात हलका." असं चालायचं, आणि पोर दुपारी एक वाजेपर्यंत पारोसं. डिंकाचे लाडू कुमुदताई, म्हणजे मुग्धाची आई, करतील म्हणून मी केले नाहीत, मी करीन म्हणून त्यांनी केले नाहीत, आणि बाळंतिणीने सहा आठवडे दुकानातली बिस्किटं खाल्ली. शेवटी कोणीतरी रुसलं. कोण, ते घरात अजून ठरलेलं नाही. (त्याच.)

"जूनमध्ये आई येतेय," मुग्धा म्हणाली. "आपण सगळे आठ दिवस फ्रान्सला जातोय. आठ दिवस तुम्ही दोघी एकत्र राहायचं. रुसायचं नाही, तोंड पाडायचं नाही, 'मला काय, मी आपली आहे एका कोपऱ्यात' असं म्हणायचं नाही. जमलं तर ऑक्टोबरमध्ये दोघी. नाही जमलं तर दोघीही नकोत. शेजारी ब्रीडा आहे, ती येईल."

ब्रीडा बाई चांगली आहे. सईला शाळेतून आणायची, खाऊ द्यायची. पण ब्रीडा तान्ह्या बाळाला तेल चोळणार नाही, शेक-शेगडी करणार नाही, टाळू भरणार नाही. माझं नातवंड टाळू न भरता वाढणार, या कल्पनेनेच माझ्या हातातली पळी थांबली. मी म्हटलं, "मुग्धा, माझ्या तोंडून एक शब्द वाकडा यायचा नाही."

आणि घोटाळा झाला तो तिथेच. वाकडा येऊ द्यायचा नाही म्हणून मी सरळही येऊ दिला नाही.

आता मूळ दुखणं सांगते. (गुडघ्याचं नव्हे, ते पुढे येतंय.) लग्न ठरलं तेव्हा मी कुमुदताईंना म्हणाले होते, "आम्हाला काही नको हो, फक्त मुलगी द्या." हे वाक्य आपल्यात प्रत्येक वरमाय म्हणते. ते आपण म्हणायचं असतं आणि समोरच्याने ऐकायचं नसतं. कुमुदताईंनी ऐकलं. मुलगी दिली. विहिणीला मानाची साडी देतात, तिथे माझ्या ओटीत पडला एक नारळ आणि एक खण. निखिलची आत्या भर मांडवात विचारते, "वहिनी, साडी कुठाय?" मी म्हटलं, "मीच नको म्हटलं." हसत म्हटलं. ते हसू अकरा वर्षं टिकवलं. दर दिवाळीला कपाट आवरताना तो खण हातात घ्यायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचा. कुमुदताईंना यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. सांगून रुसायचं असेल तर मग रुसायचं कशाला?

तर फ्रान्स. मुग्धाने दोन जागा काढून ठेवल्या आणि म्हणाली, "तुम्ही दोघी ठरवा." एक होतं समुद्राकाठचं बैठं घर. ओटा, गॅस, दारासमोर वाळू, आणि अख्ख्या घरात एकही पायरी नाही. दुसरा होता किल्ला. दगडी, जुना, कोपऱ्यावर उंच गोल बुरुज, बुरुजावर टोकदार टोपी, खाली खंदक, खंदकात बदकं. मूळ मालकाचे वंशजच तिथे हॉटेल चालवत होते.

माझे गुडघे तेव्हा दोन वर्षं दुखत होते. निखिलला सांगितलं नव्हतं. मुलगा डॉक्टर असला की दुखणं त्याच्यापासूनच लपवावं लागतं. सांगितलं की तो आधी फोटो काढतो, मग काळजीने बघतो, मग ऑपरेशन म्हणतो. त्यामुळे त्या बैठ्या घराचं चित्र बघितल्याबरोबर माझं मन त्याच्या अंगणात जाऊन मांडी घालून बसलं. मन मांडी घालू शकत होतं.

मग कुमुदताई स्काइपवर आल्या. स्काइपवर त्या नेहमी कपाळापासून वरच दिसायच्या, त्यामागे पंखा. सईने दोन्ही चित्रं छापून आणली होती. त्यातलं एक तिने कॅमेऱ्यासमोर धरलं. किल्ल्याचं. (तिला बदकं हवी होती.)

"वा," कुमुदताई म्हणाल्या, "काय भव्य आहे हो."

झालं. मला वाटलं, यांना किल्ला हवाय. मी बैठ्या घराचं चित्र पुढे केलं खरं, पण म्हणाले, "हे आपलं साधंच आहे."

"तेही छान आहे की. पण आमचं काय हो विहीणबाई, तुम्ही म्हणाल तसं."

"छे छे, तुम्ही पाहुण्या. तुम्ही म्हणाल तसं."

"अहो, वरमाय तुम्ही. तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्ही एवढ्या लांबून येणार..."

सई आधी माझ्याकडे, मग पंख्याकडे, मग परत माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आजी, विल यू जस्ट पिक वन, लाइक?"

मी मन मोठं केलं. डोळ्यांसमोर ब्रीडा आली, टाळू न भरलेलं बाळ आलं. म्हटलं, "मग किल्लाच घेऊ."

पुण्यात पंखा दोन-चार वेळा फिरला. मग कपाळ म्हणालं, "उत्तम."

मला वाटलं, आनंदाने बोलता येईना त्यांना.

कॉर्कहून बोट निघते. गाडीसकट आत जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रान्समध्ये बाहेर पडायचं. पुढे किल्ल्यापर्यंत रस्ताभर शेतंच शेतं. कुमुदताई पुढच्या सीटवर बसणार नाहीत, कारण तो मान माझा. मी बसणार नाही, कारण पाहुण्या त्या. पुढच्या सीटवर सगळा वेळ चिवड्याचा डबा बसला होता. मुग्धा आमच्या दोघींच्या मधे, सई मागच्या छोट्या सीटवर. मुग्धा डावीकडे बघे, उजवीकडे बघे आणि म्हणे, "छान चाललंय." परीक्षकाच्या आवाजात.

किल्ल्याच्या दारात मालकीण, म्हणजे मादाम, उभी होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठीच असेल, काटकुळी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. तिने आमच्या खोल्या सांगितल्या. एक खाली, पूर्वी घोडे बांधायचे तिथे, ऐसपैस. दुसरी बुरुजात, अगदी वर, दोन पलंगांची.

"आई, तुम्ही दोघी खाली राहा," मुग्धा म्हणाली. "आम्ही वर जातो."

"पोटुशी बाई बुरुज चढणार?" मी म्हटलं. "मी असेपर्यंत नाही."

"मुळीच नाही," कुमुदताई म्हणाल्या. लग्नानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं, ते नेमकं तिथे.

निखिल म्हणाला, "आई, गुडघे बरे आहेत ना तुझे? अलीकडे तू जिन्यात..."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"आणि मी तर रोज पर्वती चढते," कुमुदताई म्हणाल्या.

मी लिफ्ट कुठे आहे ते विचारलं. मादाम असं हसली की जणू मी देवळात चपला घालून शिरायची परवानगी मागितली. ऐतिहासिक वास्तू आहे, म्हणाली, साधा खिळा ठोकायचा तरी सरकारला पत्र लिहावं लागतं.

एक्क्याण्णव पायऱ्या. सईने मोजल्या. गोल जिना, आतल्या बाजूला पायरी एवढी निमुळती की पाऊल मावत नाही, आणि कठड्याच्या जागी भिंतीतल्या कड्यांतून ओवलेला एक जाड दोर. सांगलीहून शाळेच्या सहलीला मी पन्हाळा चढले होते, तेव्हा बारा वर्षांची होते आणि वर भाकरी-पिठलं मिळणार होतं. इथे वर फक्त पलंग होता.

दर पंधरा-वीस पायऱ्यांवर भिंतीत एक झरोका होता. तिथे पोचलं की मी म्हणायची, "थांबा कुमुदताई, काय सुंदर दिसतंय हो इथून." आणि कुमुदताई लगेच थांबायच्या. पुढच्या झरोक्याशी त्या म्हणायच्या, "बघा बघा, बदकं." मी बघायची. निसर्गावर एवढं प्रेम दोघींनीही आधी कधी केलं नव्हतं. मधल्या एका झरोक्यातून तर समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, नुसती करडी भिंत. तिथेही आम्ही पाच-पाच मिनिटं उभ्या राहून "वा" म्हणायचो.

वर पोचल्यावर मी पांघरुणात शिरून गुपचूप गुडघ्यांना मलम चोळायची. खोलीभर वास सुटायचा. मला धास्ती, कुमुदताईंना कळलं तर? त्या कधी काही बोलल्या नाहीत. मनात म्हटलं, बाई समजूतदार आहे.

आता जेवणाचं ऐक. पहिल्या संध्याकाळी खाली मोठ्या दालनात बसलो. निखिलने सांगून ठेवलं होतं, या दोघी शाकाहारी. वाढणारा आला, विचारलं काय आवडेल? कुमुदताई म्हणाल्या, "विहीणबाई सांगतील ते." मी म्हटलं, "एनिथिंग." त्याने मान डोलावली आणि दोघींसमोर एकेक ताट आणून ठेवलं. ताटात एक उकडलेली हिरवी कळी. कमळाच्या मोठ्या कळीएवढी, पाकळीवर पाकळी, टोकांना काटे. शेजारी वाटीत वितळलेलं लोणी. आर्टिचोक म्हणतात त्याला, हे मला नंतर कळलं. त्याची पाकळी सोलून, लोण्यात बुडवून, बुडाचा गर तेवढा दातांनी ओढून घ्यायचा आणि बाकी टाकून द्यायचं, हेही नंतर कळलं.

मी कुमुदताईंकडे बघितलं, त्या कशा खातात म्हणून. त्या माझ्याकडे बघत होत्या. कोणीतरी सुरुवात करायला हवी होती. मी एक पाकळी तोंडात टाकली, अख्खी. त्यांनीही टाकली. शुभा, आम्ही ती पाकळी किती वेळ चावली ते सांगत नाही. दोरखंड चावावा तशी. डोळ्यांत पाणी आलं. निखिल आणि मुग्धा सईचा मासा सोलून देण्यात गुंतलेले. वाढणारा विचारायला आला, कसं आहे? मी गिळलं आणि म्हटलं, "व्हेरी नाइस." कुमुदताई म्हणाल्या, "एक्सलंट."

एवढं कौतुक त्याचं कोणी केलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्याने न विचारताच दोन कळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा मोठ्या. सई कुजबुजली, "आजी, युअर मॅन इज कमिंग अगेन." (इथे कोणत्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. मी या देशात नवी असताना घाबरले होते.) मी कुमुदताईंकडे बघितलं. त्या काटे बाजूला काढत होत्या. मला वाटलं, आवडतंय यांना. म्हणून मी माझ्यातली अर्धी कळी त्यांच्या ताटात वाढली. आग्रहाने.

त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. आता मला कळतं ते बघणं कसलं होतं.

चौथ्या दिवशी मादाम खूश होऊन आमच्या टेबलापाशी आली. म्हणाली, माझ्या बुरुजावर एवढं प्रेम करणारे पाहुणे बऱ्याच वर्षांत आले नाहीत. लोक एक रात्र राहतात आणि खालची खोली मागतात. तुम्ही दोघी पायरी-पायरीवर थांबून बघता. म्हणून आज दुपारी मी तुम्हाला छपरावर नेणार. तिथे कोणाला नेत नाही.

"तुम्ही जाणार असाल तर मी येते," कुमुदताई म्हणाल्या.

"तुम्ही येत असाल तर जाऊ की," मी म्हटलं.

मुग्धाने टाळी वाजवली. "बघ निखिल, दोघी किती एंजॉय करताहेत." आणि ती मंडळी गावात बाजार बघायला निघून गेली. जाताना मुग्धा माझ्या कानात म्हणाली, "आई, ऐंशी टक्के पास."

एक्क्याण्णवच्या वर आणखी बावीस पायऱ्या होत्या, लाकडी, शिडीच म्हण ना. मादाम खारीसारखी वर गेली. आम्ही दोघी कशा गेलो ते आठवत नाही, देवाचं नाव घेतल्याचं आठवतं. वर टोपीखाली एक लहानशी खिडकी होती. मादामने हाताने सगळा मुलूख दाखवला. मला फक्त जमीन दिसली. किती खाली आहे, एवढंच बघितलं. तेवढ्यात खाली घंटा वाजली, कोणी नवीन पाहुणे आले होते. "सावकाश या," म्हणून मादाम खाली पळाली.

आम्ही उतरायला लागलो. पुढे त्या, मागे मी. उतरताना गुडघा जास्त बोलतो, तुझ्या आईला विचार. शिडी संपली, आमची खोली गेली, एक झरोका गेला, दुसरा गेला. आणि करड्या भिंतीच्या झरोक्याशी कुमुदताई थांबल्या.

"थांबा विहीणबाई," दोर धरून त्या म्हणाल्या. "काय सुंदर दिसतंय हो इथून."

मी बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथून भिंत दिसते, कुमुदताई."

मला वाटलं, संपलं. ऐंशी टक्क्यांवर नापास. आता या रुसणार आणि ऑक्टोबरमध्ये ब्रीडा येणार.

कुमुदताईंनी त्या भिंतीकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "खरंय. भिंतच आहे." आणि पायरीवर बसल्या. "आता मला इथून हलता यायचं नाही."

मीही त्यांच्या वरच्या पायरीवर बसले. बसले म्हणजे पडलेच. त्यांनी पर्स उघडली आणि मलमाची ट्यूब काढली. मी माझ्या पर्समधून माझी काढली. तीच ट्यूब. तोच पिवळा रंग, तशीच तळाशी गुंडाळत आणलेली.

"म्हणजे खोलीतला वास..." मी म्हटलं.

"मला वाटायचं माझाच. तुम्हाला कळेल म्हणून जीव मुठीत धरून झोपायची मी."

"आणि रोज पर्वती?"

"मुग्धा शाळेत होती तेव्हा गेले होते शेवटची."

"मग किल्ला कशाला घेतलात?"

"मी?" कुमुदताई वळल्या. "अहो, तुम्ही घेतलात! मला ते समुद्राकाठचं घर हवं होतं. एक पायरी नव्हती त्याला, मी चित्रात मोजलं होतं."

"तुम्ही 'भव्य' म्हणालात!"

"मग काय म्हणायचं? तुम्ही पहिलं चित्र किल्ल्याचं दाखवलंत. म्हटलं, विहीणबाईंची हौस दिसतेय."

"ते सईने धरलं होतं. तिला बदकं हवी होती."

कुमुदताईंनी ट्यूबचं झाकण काढलं. मग म्हणाल्या, "आणि ती हिरवी कळी?"

"तुम्हाला आवडते ना?"

"मला?" म्हणाल्या. "तुम्ही तुमच्यातली अर्धी वाढलीत तेव्हा मी मनात म्हटलं, लग्नातला काही राग असेल तर तो आत्ता निघतोय."

यावर मी हसायला हवं होतं. पण विषय निघालाच होता, गुडघे ठणकत होते, आणि पुढे जायला जागा नव्हती. अकरा वर्षांत जे म्हटलं नाही ते मी त्या पायरीवर बसून म्हटलं. "राग नाही हो. पण मानाची साडी तेवढी दिली नाहीत तुम्ही."

"तुम्ही नको म्हणालात."

"ते म्हणायचं असतं."

"तीनदा म्हणालात. मी मोजलं. घेतली होती मी, हिरवीगार, लाल काठांची, दोन दुकानं फिरून. आमचे हे म्हणाले, त्यांनी स्पष्ट नको सांगितलंय, सुधारक माणसं दिसतात, दिलीस तर अपमान वाटेल. म्हणून ठेवून दिली. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी तुटक. मला वाटायचं, मुलगी पसंत नाही यांना."

शुभा, मी सुधारक! कपाळाला हात लावला मी. आणि मग मात्र दोघींना हसू आलं ते आवरेना. गोल जिन्यात हसू वरही जातं आणि खालीही जातं. मादाम धावत आली. तिने बघितलं, तिच्या बुरुजाच्या दोन भक्त पायरीवर बसून एकमेकींच्या गुडघ्यांना मलम चोळताहेत.

दोघींना उठवून उतरवणं एकट्या मादामच्या हातचं नव्हतं, आणि उठलो असतो तरी उभं राहवलं नसतं. म्हणून आम्ही रांगत्या मुलासारख्या उतरलो. बसायचं, खालच्या पायरीवर सरकायचं, परत बसायचं. पुढे त्या, मागे मी, साड्या गोळा करून. नेमकी मंडळी तेव्हाच बाजारातून परतली. निखिल खालून ओरडला, "आई, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. मग आठवलं, आता खरं बोलायचं आहे. "गुडघे. दोन वर्षं झाली."

"माझे तीन," कुमुदताई म्हणाल्या, सरकत.

निखिल डोक्याला हात लावून तिथेच उभा. मुग्धा मात्र आमच्याकडे टक लावून बघत होती. शेवटच्या पायरीवर आम्ही दोघी धप्पकन बसलो तेव्हा ती म्हणाली, "हे रुसून खाली आलात की हसून?"

"आम्हाला खालची खोली हवी आहे," मी म्हटलं. सरळ.

"आणि उद्यापासून वरण-भात," कुमुदताई म्हणाल्या. "ती कळी नको."

"पास," मुग्धा म्हणाली आणि रडायलाच लागली. पाचव्या महिन्यात रडू लवकर येतं.

उरलेले दिवस आम्ही घोड्यांच्या खोलीत ऐसपैस काढले. वर निखिल एकटाच झोपायला जायचा आणि सकाळी उतरताना झरोक्याशी थांबायचा, असं सई सांगायची. ऑक्टोबरमध्ये दोघी होतो. मुग्धाने स्वयंपाकघरातल्या प्रेसवर, म्हणजे कपाटावर, चिठ्ठी चिकटवली होती: 'हो किंवा नाही. तिसरं उत्तर चालणार नाही.' बाळाची अंघोळ नऊला व्हायची. टाळू मी भरायची. लाडू दोघींनी केले, वेगवेगळे, आणि कोणाचे चांगले झाले यावर उघड भांडलो. फार बरं वाटलं.

म्हणून तुला सांगते, सासूबाईंना काय हवंय ते विचारू नकोस. त्यांच्या पर्समध्ये मलम आहे का ते बघ आणि बैठं घर घे. आणि परत त्या किल्ल्याचं नाव काढलंस तर मी खरंच लाइन कापीन.

आता एकच राहिलं, ते साडीचं. फ्रान्सहून निघायच्या दिवशी कुमुदताईंनी बॅगेच्या तळातून ती काढली. बरोबर आणली होती त्यांनी, पुण्याहून, मनाशी काही ठरवून. हिरवीगार, लाल काठ, घडी अजून दुकानातली. दोन्ही हातांनी पुढे केली. म्हणाल्या, "विहीणबाई, घेता ना?"

आणि मी एवढं सगळं होऊन, अर्धा बुरुज बसून उतरून, शहाणी होऊन, काय म्हणाले असेन? म्हणाले, "अहो, आता कशाला! राहू द्या हो."

कुमुदताई सरळ बाई आहेत. आणि आमचं ठरलं होतं, खरं बोलायचं आणि खरं मानायचं. त्यांनी साडी परत बॅगेत ठेवली. ऑक्टोबरमध्ये आल्या त्या लाडवांचं सामान घेऊन. साडी पुण्यात.

तर शुभा, येत्या महिन्यात तू पुण्याला जाणार आहेस ना? कुमुदताईंकडे जा, ती साडी माग आणि परत आलीस की इकडे ये. लवकर ये, पाऊस असला तरी ये. दारात मी म्हणेन, "अगं, कशाला आणलीस?" तिकडे लक्ष देऊ नकोस. पिशवी टेबलावर ठेव आणि हात धुवायला आत जा.